बालाघाटावरचा प्रवास : वाशिम जिल्ह्यातील सार्वजनिक वाहतुकीचा इतिहास

वऱ्हाडाचे दोन भाग जुन्या काळापासून मानले जातात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला सपाट, काळ्या मातीचा प्रदेश म्हणजे पयानघाट आणि त्याच्या दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेवर पसरलेले पठार म्हणजे बालाघाट. वाशिम जिल्ह्याचा बहुतेक भाग या बालाघाटावर येतो. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा हा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख असून त्यातले जेमतेम १८ टक्के लोक शहरांत राहतात. सर्वांत मोठे शहर वाशिम, तेही तेव्हा ८० हजारांच्या आत होते.

शाश्वत वाहतूक आणि मोटारींवरचे अवलंबित्व हा विषय निघाला की चर्चा मुंबई-पुण्याची होते. खासगी वाहनावाचून माणसाचे अडायला लागते ती प्रक्रिया मात्र लहान शहरांत आणि बाजारगावांत अधिक स्पष्ट दिसते, कारण तिथे ती गेल्या तीस-चाळीस वर्षांतच घडली आहे. त्याआधी शेकडो वर्षे या पठारावरची माणसे स्वतःचे इंजिन नसताना बाजाराला, जत्रेला, कोर्टाला आणि शाळेला जात होती. कोण कुठवर पोचणार हे रस्त्याची दिशा, सरहद्द, भाडे आणि वेळापत्रक यांवर ठरत असे, आणि या चारही गोष्टी ठरवणारे बहुधा जिल्ह्याबाहेरचे असत.

चौथ्या शतकात वाशिम, म्हणजे तेव्हाचे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी झाले. सर्वसेन हा या शाखेचा संस्थापक. त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी दिलेला ताम्रपट १९३९ मध्ये वाशिमला सापडला. त्यात दान दिलेले गाव नांदीकट, म्हणजे आजच्या नांदेडच्या, उत्तर भागात असल्याचे सांगितले आहे. याच शाखेतल्या हरिषेण राजाच्या वराहदेव या मंत्र्याने अजिंठ्याचे एक लेणे कोरवून घेतले. दक्षिणेला गोदावरीकाठचे नांदेड, पश्चिमेला अजिंठा आणि उत्तरेला घाट उतरून पूर्णेचे खोरे, अशा वाटांच्या सांध्यावर ही राजधानी होती. अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड ही दिशा तेव्हापासून टिकून आहे. आजचा राष्ट्रीय महामार्ग १६१ आणि रेल्वे दोन्ही तिच्याच आधाराने गेले आहेत. मोगल काळात वाशिम हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार, म्हणजे विभाग, होते. अठराव्या शतकात इथले कापड इतके नावाजलेले होते की १७६९ मध्ये थोरले माधवराव पेशवे आणि जानोजी भोसले यांच्यात झालेल्या तहात वाशिम आणि बाळापूरच्या कापडाचा उल्लेख आला.

जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यातले कारंजा हे या प्रदेशातले खरे सावकारी गाव. सुरतेची दुसरी लूट आणि दिंडोरीची लढाई झाल्यावर १६७० च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंज्यावर छापा घातला. तिथून कापड, सोने आणि चांदी चार हजार बैल-गाढवांवर लादून नेली, असे इतिहासकार नोंदवतात. हा आकडा लुटीबद्दल जितके सांगतो तितकेच वाहतुकीबद्दलही सांगतो. सतराव्या शतकात या भागातला मोठा माल चाकावर नव्हे, तर पाठीवर चालत असे. पठार ओढ्या-नाल्यांनी चिरलेले, पावसाळ्यात काळी माती गुडघाभर चिकटणारी. तिथे गाडी रुतायची, पण लादलेला बैल पाय उचलून पुढे जायचा.

हे लादलेले बैल हाकणारे बंजारा लोक हा या जिल्ह्याच्या वाहतुकीचा पहिला संघटित वर्ग. त्यांचे तांडे समुद्रकाठचे मीठ आत आणत, आतले धान्य बाहेर नेत आणि फौजांना रसद पुरवत. बैल वाटेतल्या गवतावर चरत, तांड्यातली माणसे बरोबरच राहत, त्यामुळे लांबच्या वाहतुकीचा खर्च कमी पडे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडचा कापूस अशाच बैलांवरून उत्तरेला गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात होता. पुढे पेस्तनजी-विकाजी या पारशी पेढीने तो मुंबईकडे वळवला. खडीचे रस्ते आणि रेल्वे आल्यावर बंजाऱ्यांचा हा व्यवसाय एका पिढीत मोडला. लदेणीच्या, म्हणजे बैलांवर माल लादून नेण्याच्या, वाटांवर जगणारा समाज जमिनीच्या तुकड्याला, मजुरीला आणि पुढे ऊसतोडीला लागला. वाहतुकीचे साधन बदलते तेव्हा नुकसान सोसणारे लोकही असतात, याचे या जिल्ह्यातले हे पहिले आणि सर्वांत मोठे उदाहरण. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे सेवालाल महाराजांच्या समाधीचे ठिकाण बंजारा समाजाचे देशभरातले श्रद्धास्थान असून ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे बंजारा विरासत संग्रहालय सुरू झाले.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची रेल्वे भुसावळहून शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असे करीत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. खामगावला जोडणारी फाट्याची लाइन १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाली. हे सगळे पयानघाटात झाले. रेल्वेला सपाटी हवी होती आणि कापूसही तिथेच जास्त होता. बालाघाटावरच्या वाशिमला रुळांनी वळसा घातला, आणि पुढची सुमारे नव्वद वर्षे वाशिमचे रेल्वेस्थानक म्हणजे ऐंशी किलोमीटर दूरचे अकोला होते.

ते अंतर बैलगाडीने कापले जाई. वाशिम, मालेगाव, मेडशी, मग पातूरचा घाट उतरून अकोला. माल वाहणाऱ्या गाडीला वऱ्हाडात बंडी म्हणतात. माणसांसाठी हलकी रेंगी किंवा दमणी. बंडीची दोन्ही चाके गावचा सुतार बाभळीच्या लाकडाची करी. तुंब्यात आरे ठोकून बसवले की त्यांभोवती लाकडी पाटे जोडून गोल पुरा होई, आणि मग लोहाराचे काम सुरू. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत लालबुंद तापवायची, चार-पाच जणांनी सांडशांनी उचलून चाकावर बसवायची आणि लाकूड पेट घेण्याआधी वरून पाणी ओतायचे. थंड होताना लोखंड आवळते आणि सगळे सांधे घट्ट बसतात. कणा कोरडा पडू नये म्हणून वंगणाचे नळकांडे गाडीखाली टांगलेले असे. सुतार, लोहार, बैल आणि चारा ही सर्व यंत्रणा पंचक्रोशीतली होती. दुरुस्तीसाठी बाहेरून काही आणावे लागत नसे. वेग मात्र माणसाच्या चालण्याइतकाच. अकोल्याची खेप जाऊन-येऊन आठवडाभराची होई, म्हणून गाड्या एकट्या निघत नसत. दहा-वीस बंड्यांची रांग लागे, रात्री चालायचे, दिवसा उन्हाच्या वेळी बैल सोडायचे, विहिरीजवळ भाकरी टाकायच्या. रेंगीत बाळंतीण, म्हातारी माणसे, सासरी निघालेली लेक. धडधाकट पुरुष आणि मजूर बायका पायी. प्रवास हा बहुतेकांसाठी पायांचाच होता हे बैलगाडीच्या आठवणींत विसरले जाते.

दक्षिणेची अडचण वेगळी होती. वाशिमच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते. १८५३ नंतर ती नदी इंग्रजी वऱ्हाड आणि निजामाचे हैदराबाद संस्थान यांची सरहद्द झाली. पलीकडे हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी, अलीकडे वाशिमला इंग्रजी अधिकाऱ्याची कचेरी. मध्ये निजामाची करोडगिरी, म्हणजे जकात. वाशिम काही काळ स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होते. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून अकोला आणि यवतमाळमध्ये वाटला गेला, आणि वाशिमकरांचे कचेरीचे कामही अकोल्याला गेले. जिल्ह्याचे ठाणे हलते तेव्हा कोर्ट-कचेरीच्या प्रत्येक कामामागे घाट उतरण्याची सक्ती येते. रस्त्याच्या नियोजनाइतकाच असा निर्णयही माणसांचे प्रवास ठरवतो. १९१२ च्या सुमारास निजामाच्या रेल्वेची मीटरगेज लाइन पूर्णेहून हिंगोलीला आली आणि तिथेच थांबली. हिंगोलीहून वाशिम पन्नास किलोमीटरही नाही. रूळ आले नाहीत ते डोंगरामुळे नव्हे, तर मध्ये दोन राज्यकर्त्यांची हद्द होती म्हणून.

त्याच काळात जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कारंज्याला, रेल्वे पोचली. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा मार्गे यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटरची आणि दुसऱ्या बाजूला अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटरची अरुंद लाइन टाकली. दोन रुळांमधले अंतर अडीच फूट. लाइन बांधली ती कापसासाठी. जिनिंग-प्रेसिंगमधून बांधलेल्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढत आणि तिथून मुंबई बंदराला जात. पण लोकांनी ती आपली केली. तिला शकुंतला हे नाव मिळाले, आणि कंपनीचे लांबलचक नाव कागदावरच राहिले. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून तिच्यावर धावले, आणि १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिन येईपर्यंत टिकले.

शकुंतलेचे महत्त्व तिच्या वेगात नव्हते. ताशी वीसेक किलोमीटरच्या पुढे ती क्वचितच जाई. महत्त्व होते ते भाड्यात आणि थांब्यांत. रस्त्यापासून दूरच्या खेड्यातला माणूस शेताच्या बांधावरून रुळांकडे येई, आणि एसटीच्या भाड्याच्या अगदी लहान भागात तालुक्याला जाई. दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या, शाळेची मुले, मजुरीला निघालेल्या बायका हा तिचा उतारू. शेवटच्या काळात कर्मचारी इतके थोडे उरले होते की गाडीबरोबरच्याच माणसांना तिकिटे विकण्यापासून फाटक लावण्यापर्यंत सर्व कामे करावी लागत. देशातल्या रेल्वे कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले तरी या लाइनची मालकी त्या खासगी कंपनीकडेच राहिली. भारतीय रेल्वे गाडी चालवी आणि कंपनीला मोबदला देई. ज्या मालमत्तेची मालकी एकाकडे आणि चालवणारा दुसरा, तिच्यावर दुरुस्तीचा पैसा घालण्याची घाई कोणालाच नव्हती. रूळ खिळखिळे होत गेले, वेग आणखी कमी केला गेला, वेग कमी म्हणून उतारू गेले, उतारू गेले म्हणून गाड्या कमी झाल्या. गेल्या दशकात यवतमाळ आणि अचलपूर दोन्ही बाजूंची वाहतूक थांबली. ब्रॉडगेज करण्याच्या घोषणा झाल्या; लाइन वाचवण्यासाठी सत्याग्रह झाले. बंद पडली तेव्हा जिने तोट्याची म्हणून हिशेबात जागा घेतली होती, तीच गाडी गरीब उतारूच्या खिशात दर फेरीला पैसे वाचवत होती, आणि हा दुसरा हिशेब कोणत्याही ताळेबंदात मांडला गेला नाही.

मोटारगाडी वऱ्हाडात पहिल्या महायुद्धानंतर आली. खासगी मालकांच्या लॉऱ्या अकोला-वाशिम सारख्या रस्त्यांवर उतारू भरून धावू लागल्या. भाडे ठरलेले नसे, सुटण्याची वेळ गाडी भरल्यावर, आणि घाटात रेडिएटरमध्ये पाणी ओतण्यासाठी उतरणे हा प्रवासाचाच भाग. रस्त्यांसाठी पैसा कुठून आणायचा, याचा विचार १९२७ मध्ये नेमलेल्या मुकुंदराव जयकरांच्या समितीने केला. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसवून १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. पण रस्ते सुधारले तसे रेल्वेचे उतारू मोटारींकडे वळू लागले. १९३३ च्या मिचेल-किर्कनेस अहवालाने या चढाओढीकडे लक्ष वेधले, आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवाने, मार्ग आणि प्रादेशिक परिवहन प्राधिकरणे आणली. सार्वजनिक मोटारीला परवाना आणि मार्गाचे बंधन लागले, खासगी मोटारीला लागले नाही. हा फरक तेव्हा फारसा कुणाला जाणवला नाही, कारण खासगी मोटार वकील, डॉक्टर आणि मोठ्या जमीनदारांपुरती होती. पुढे त्याचे परिणाम मोठे झाले.

पैनगंगेच्या पलीकडे याच प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले गेले होते. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये स्वतःचेच रस्ते वाहतूक खाते काढून २७ गाड्यांनी बससेवा सुरू केली. आगगाडी जिथे थांबते तिथून बस पुढे जाणार, दोन्हींचा मालक एकच, वेळा एकमेकींना धरून. आज ज्याला एकात्मिक वाहतूक म्हणतात ती कल्पना त्या संस्थानात शासकीय पातळीवर उतरली होती. वऱ्हाडात आगगाडी एका कंपनीची, मोटार दुसऱ्याची आणि दोघांत स्पर्धा. स्वातंत्र्यानंतर दोन्ही प्रदेश एका राज्यात आले तेव्हा टिकली ती वऱ्हाडची पद्धत. रेल्वे केंद्राकडे, बस राज्याकडे. वाशिमला रेल्वेस्थानक आणि बसस्थानक अजूनही दोन स्वतंत्र जग आहेत.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलच्या टंचाईमुळे लॉऱ्यांच्या मागे कोळशाची भट्टी बसवून गाड्या चालवल्या गेल्या. युद्ध चालू असतानाच, डिसेंबर १९४३ मध्ये, देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरला भरली आणि पुढच्या वीस वर्षांचा रस्ते आराखडा तयार झाला. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते हे आजचे वर्गीकरण या नागपूर योजनेतूनच आले. विकसित शेतीच्या भागात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, हे तिचे एक उद्दिष्ट होते. उद्दिष्ट चांगले होते, पण मोजमाप रस्त्याच्या लांबीचे होते. त्या रस्त्यावरून गाडी किती वेळा जाईल, तिचे भाडे कुणाला परवडेल, हे कोणी मोजायचे ठरवले नाही. भारतातल्या रस्ते नियोजनाची ही सवय अनेक दशके टिकली.

मुंबई राज्यात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली; विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात असल्याने इथली शासकीय बससेवा नागपूरच्या कारभाराखाली होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६१ मध्ये तिन्ही भागांच्या सेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात एकवटल्या. आजच्या वाशिम जिल्ह्यात वाशिम, रिसोड, मंगरुळपीर आणि कारंजा ही चार आगारे आहेत. जिल्हा वेगळा झाला तरी ती अकोला विभागालाच जोडलेली राहिली.

१९६० ते १९९० ही तीन दशके एसटीची. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांवर बायका-पुरुषांनी उन्हात खडी फोडून शेकडो कच्चे रस्ते केले, आणि त्याच रस्त्यांवरून लाल गाडी गावात शिरली. गावाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची असे ती मुक्कामी गाडी. रात्री आठ-नऊला शेवटच्या गावी यायची, चालक-वाहक मंदिरात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपायचे, आणि पहाटे पाच-साडेपाचला गाडी तालुक्याला निघायची. त्या एका फेरीवर रुग्णाला दवाखाना, मुलांना महाविद्यालय आणि शेतकऱ्याला बाजार समिती मिळे, आणि संध्याकाळी माणूस घरी परते. गाडीच्या टपावर कोंबड्यांच्या पाट्या, पालकाची गाठोडी, पेरणीच्या दिवसांत बियाण्याच्या पिशव्या. वाशिमला किंवा अकोल्याला खोली करून शिकणाऱ्या मुलाचा जेवणाचा डबा आई सकाळी वाहकाच्या हवाली करी. स्थानकावर मुलगा तो उतरवून घेई आणि कालचा रिकामा डबा परत त्याच गाडीने जाई. खेड्यातली मुले, विशेषतः मुली, दहावीच्या पुढे शिकू शकल्या त्यात पासाच्या सवलतीचा आणि ठरल्या वेळी येणाऱ्या गाडीचा वाटा फार मोठा आहे. अलीकडे मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बसगाड्या हेच काम करतात.

रेल्वेचा खंडही याच काळात भरला. दोन राज्यकर्त्यांची हद्द उरली नव्हती; खांडवा, अकोला आणि हिंगोली जोडणारी मीटरगेज लाइन स्वातंत्र्यानंतर बांधली गेली आणि १९६० च्या सुमारास वाशिमला प्रथमच आगगाडी आली. काचीगुडा ते जयपूर धावणारी मीनाक्षी एक्स्प्रेस तिच्यावरची ओळखीची गाडी होती. २००८ मध्ये अकोला-पूर्णा हा २१० किलोमीटरचा टप्पा ब्रॉडगेज झाला आणि वाशिम देशाच्या मुख्य जाळ्यात आले. ही लाइन दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात मोडते. लांबच्या प्रवासाला तिचा मोठा उपयोग होतो. पण रोज अकोल्याला जाऊन परत येणाऱ्याला हवी तशी दर तासाची पॅसेंजर तिच्यावर नाही, त्यामुळे रुळांशेजारचा रस्ता भरलेला असतो.

शहराच्या आत प्रवास पायी किंवा सायकलीवर होई. नगरपालिका सायकलीवर कर घेऊन पत्र्याचा बिल्ला देत, आणि तासावर सायकल देणारी दुकाने चौकाचौकांत होती. स्थानकाबाहेर टांगे आणि सायकलरिक्षा, नंतर ऑटो. १९९० नंतर चित्र पालटले. एसटीच्या फेऱ्यांमधली पोकळी प्रथम काळीपिवळी जीपने भरून काढली. ती गावोगावी थांबे, उधार नेई, पण भरल्याशिवाय हलत नसे आणि पायदानावरही माणसे घेई. मग कर्जाने मिळणारी मोटरसायकल आली. २०११ च्या जनगणनेत देशातल्या २१ टक्के कुटुंबांकडे दुचाकी आणि जेमतेम ४.७ टक्के कुटुंबांकडे मोटार होती. सायकल असलेली कुटुंबे जवळजवळ ४५ टक्के. त्यानंतर दुचाकीचा पसारा सायकलीच्या जागेवरच वाढला. कापसाची जागा सोयाबीनने घेतली, बंडीची ट्रॅक्टर-ट्रॉलीने. घरातला एक पुरुष दुचाकीवर जातो तेव्हा एसटीचा एक भाडे देणारा उतारू कमी होतो. असे पुरेसे उतारू गेले की फेरी बंद होते, आणि दुचाकी न चालवणाऱ्या बाया, म्हातारी आणि शाळकरी मुले फाट्यावर उभी राहतात. शकुंतलेला ज्या चक्राने संपवले, तेच चक्र मुक्कामी गाड्यांना लागले.

शहरांच्या नियोजनाची धोरणे या आकाराच्या गावांपर्यंत पोचलेली नाहीत. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहने हलवण्याऐवजी माणसे हलवण्यावर भर द्यावा असे स्पष्ट म्हटले. पदपथ, सायकल आणि बसला रस्त्यात न्याय्य जागा द्यावी असे सांगितले. पैसा मात्र मेट्रो आणि मोठ्या शहरांच्या बसताफ्याकडे गेला. २०२३ ची पीएम ई-बस योजना राजधान्यांसारखे काही अपवाद वगळता ३ लाखांवरच्या शहरांसाठी आहे. वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर यांपैकी एकही गाव त्या मर्यादेच्या जवळपासही नाही. वास्तविक तीन-चार किलोमीटरच्या पसाऱ्याचे गाव पायी आणि सायकलीने फिरण्यासाठी आदर्श असते. तिथे लाखोंच्या गाड्या लागत नाहीत. सलग पदपथ, झाडांची सावली, बाजाराच्या दिवशी मोकळा ठेवलेला रस्ता आणि स्थानक ते बसस्थानक ठरल्या वेळी जाणारी छोटी गाडी एवढे पुरते. गावे लहान असतानाच ही कामे स्वस्तात होतात.

सध्याच्या काळातला सर्वांत मोठा रस्ता म्हणजे नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटरपैकी जवळपास शंभर किलोमीटर तो कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून जातो. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. कारंजा-सोहोळ हे काळविटांचे अभयारण्य या मार्गाजवळ असल्याने वन्यप्राण्यांसाठी खास ओलांडमार्ग बांधावे लागले. या रस्त्यावर दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर आणि बैलगाडीला बंदी आहे, आणि चढण्या-उतरण्याची जागा कारंजा, शेलू बाजार, मालेगाव अशा मोजक्याच ठिकाणी. वेगाच्या रस्त्यावर ही बंदी सुरक्षिततेसाठी योग्यच आहे. पण ज्यांच्या जमिनीतून रस्ता गेला त्या बहुतेक कुटुंबांकडे जे वाहन आहे ते तिथे चालत नाही, आणि ज्या बसमधून ते जातात ती त्यांच्या गावाशी थांबत नाही. नागपूरहून मुंबईला निघालेली मोटार हा जिल्हा तासाभरात ओलांडते. शेलू बाजारच्या आसपासच्या खेड्यातल्या मुलीला मंगरुळपीरच्या महाविद्यालयात पोचायला तेवढाच वेळ एसटीची वाट पाहण्यात जाऊ शकतो.

नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या लांबलेल्या संपाने एसटीशिवाय जिल्हा कसा चालतो हे दाखवून दिले. परीक्षा, दवाखाने, बाजार सगळीकडे काळीपिवळीचे भाडे चढले, आणि ज्यांना शक्य होते त्यांनी दुचाकी घेतली. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास सुरू झाला. गाड्या पुन्हा भरल्या. माहेरी, बाजारात, यात्रेला, दवाखान्यात एकट्याने जाणाऱ्या बायकांची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढली. भाडे घरातल्या पुरुषाकडे मागावे लागत होते तोवर हे प्रवास होतच नव्हते. याच काळात महामंडळाचा राज्यभरातला ताफा मात्र जुन्या १८ हजारांवरून १५ हजारांच्या आसपास आला. सवलतीने आलेला उतारू आणि त्याला नेणारी गाडी यांतली ही तफावत वाशिम, रिसोड, मंगरुळपीर आणि कारंजा या चारही आगारांच्या फलाटांवर, विशेषतः संध्याकाळी खेड्यांकडे सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळी, रोज दिसते.